मनकर्णाबाईच्या डाव्या फुप्फुसातून

मित्रांनो, मी एक म्हातारी भक्षक पेशी आहे. राहते मनकर्णाबाईच्या डाव्या फुप्फुसात, मोहरीहूनही बारीक अशा हवेच्या एका फुग्यात. बाहेरचे जग मी पाहिलेले नाही. छातीच्या पिंजऱ्यातून जेवढे ऐकू येते, तेवढेच मला ठाऊक.

माझा जन्म झाडूवालीचा. श्वासाबरोबर आत आलेले जंतू, धूर, धूळ गिळायची आणि पचवायची, हे आमच्या कुळाचे काम. मनकर्णाबाईही झाडूवालीच. गावची विहीर आटली तेव्हा ती नवऱ्याबरोबर, कडुबाबरोबर, चितेगावला आली आणि फरशी कापण्याच्या शेडमध्ये दगडाची भुकटी झाडू लागली. जवळचे शहर वाढत होते, नव्या इमारतींना फरशी पुरत नव्हती. कामाला आम्ही दोघी वाघ होतो!

झाडण्याआधी सडा मारायचा, म्हणजे भुकटी उडत नाही, असा शेडचा नियम होता. त्यासाठी रोज दोन कॅन पाणी मिळे. पण त्या दुष्काळात वस्तीवर टँकर आठवड्यातून एकदा यायचा. घरी हंडे पालथे आणि इथे पाणी जमिनीवर ओतायचे, हे तिच्या जिवाला पटेना. ती कोरडेच झाडू लागली आणि सड्याचे पाणी घरी नेऊ लागली. "पान्याचा थेंब वाया घालवत नाय माझी बायको," असे कडुबा वस्तीभर सांगायचा. ती लाजायची. मला वाटायचे, थोडे कौतुक माझेही व्हावे. भुकटी गिळत तर मीच होते!

पण दगड पचत नाही हो. माझ्याआधीची पेशी तो पोटात घेऊन फुटली, सांडलेले कण मी उचलले. ते आजही मला टोचतात. थुंकता येत नाहीत, टाकून पळताही येत नाही. घाबरून मी मदतीची हाक मारली. रक्तातून दुसऱ्या पांढऱ्या पेशी लोंढ्याने धावत आल्या आणि त्यांनी आपल्याजवळचा जाळणारा रस ओतला. दगडाचे काही बिघडले नाही, आमच्या घराच्या भिंती मात्र जळाल्या. कुठे फुगे फाटले, कुठे वण धरून आवळले. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच झाले. हाक थांबवणे मला येतच नाही. घर राखायला ठेवलेली मी, आणि घर माझ्याच हाकेने गेले. याचे मला फार वाईट वाटते.

पाऊस कधी झाला, कधी हुकला, पण तिची सवय मोडली नाही. सातव्या वर्षी तिला हंडा उचलवेना. डॉक्टर छातीचा फोटो पाहून म्हणाले, "फुप्फुसात दगडाची धूळ बसलीय, बाई. गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते सांभाळा." तिने काम सोडले. तिचा झाडू शेजारच्या आवडाबाईने घेतला.

एका सकाळी आवडाबाई पाण्याचा कॅन घेऊन दारात आली.

"अक्का, तुमच्यासाठी आणलंय. कालच्या सड्याचं वाचवलं. तुमीच शिकवलं व्हतं नव्हं?"

मनकर्णाबाईचा श्वास अडकला. आत आम्ही सगळ्या थबकलो.

"कोरडं झाडतीस?"

"व्हय. दोन महिनं झालं की."

"उचल त्यो कॅन. चल माझ्यासंगं."

शेड हाकेच्या अंतरावर होती. तिथवर जाताना ती चार ठिकाणी बसली. दर पावलाला माझ्या फाटक्या भिंती ताणल्या जात होत्या. शेडमध्ये तिने कॅनचे झाकण काढले आणि ओंजळीओंजळीने सगळे पाणी जमिनीवर शिंपडले.

"आता झाड," ती धापा टाकत म्हणाली. "लई वंगाळ शिकवलं गं तुला."

आवडाबाई झाडू लागली. मनकर्णाबाई तिथेच उभी राहिली. त्या सकाळी माझ्याकडे एकही नवा कण आला नाही.

मित्रांनो, माझी सुटका नाही. मी फुटेन, हे कण दुसरी उचलेल, मनकर्णाबाईला दम लागतच राहील. पण तुमच्याही छातीत माझ्यासारखी एक बसलेली आहे. तिला नाही म्हणता येत नाही, द्याल ते ती गिळते. म्हणून धूळ झाडण्याआधी पाणी शिंपडा, दुष्काळ असला तरी शिंपडा. आवडाबाईच्या छातीतली माझी बहीण अजून तरुण आहे.