ताऊसच्या दहा वाट्या

मित्रांनो, माझ्या बुडाला भोक आहे, आणि या भोकामुळेच गावात मला मान होता. नवल वाटलं ना? भोक पडलेली वाटी तुम्ही मोडीत घालता. मला मात्र मुद्दाम भोक पाडून घेतलं होतं.

मी एक जुनी तांब्याची वाटी. माझा जन्म खोरासानात, बिर्जंदच्या तांबट आळीत झाला. उस्ताद नौरोज नावाच्या म्हाताऱ्या तांबटाने मला ठोकून गोल केलं आणि बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक पाडलं. मग परातीतल्या पाण्यावर मला सोडलं. शेजारी गावातली जुनी, झिजलेली वाटी सोडली. भोकातून पाणी आत चढायचं, आम्ही जड व्हायचो आणि काठोकाठ भरलो की तळाला जायचो. दोघी एकाच क्षणी बुडेपर्यंत उस्ताद माझं भोक घासत राहिला. तीन दिवस लागले त्याला. शेवटी मला न्यायला आलेल्या माणसाच्या हातात ठेवत म्हणाला, "मश बरात, दात कोरायची काडी हिच्या भोकात घालू नकोस हं. अख्ख्या गावाचं पोट आहे त्यात."

तुमच्याकडे माझ्या बहिणींना घटिकापात्र म्हणतात आणि त्यांच्यावर लग्नाचे मुहूर्त साधत असत, असं मी ऐकून आहे. आमच्या खोशाब गावात माझ्यावर पाणी मोजायचे. तिथे पाऊस नावालाच. डोंगराच्या पोटातून, जमिनीखालून खोदून आणलेला एक कारेझ, म्हणजे पाण्याचा बोगदा होता, आणि त्याच्या तोंडातून मनगटाएवढी धार यायची. त्या धारेवर सगळं गाव. प्रत्येक शेताची पाळी बाराव्या दिवशी. कुणाच्या वाट्याला सहा वाट्या, कुणाच्या वाट्याला दहा. मी एकदा बुडाले की एक वाटी झाली. पाटकरी मला उचलायचा, झटकून कोरडी करायचा, पुन्हा पाण्यावर सोडायचा आणि मडक्यात एक खडा टाकायचा. खडे पुरे झाले की मोजणी चालायची त्या पाणीघराच्या दारातून हाक द्यायचा, मग पुढचा शेतकरी पाटाचं पाणी आपल्या शेताकडे वळवून घ्यायचा. दिवसातला शेवटचा जो असेल त्याला मात्र मोजणी नव्हती. सूर्य मावळेपर्यंतचं पाणी त्याचं.

आमचा पाटकरी बरातअली. मशहदची यात्रा करून आला म्हणून सगळे त्याला मश बरात म्हणायचे. काय सांगू त्याची शिस्त! एकदा भर दुपारी त्याचा डोळा लागला. पाळी त्याच्या स्वतःच्याच शेताची होती. जागा झाला तो मी तळाशी. कधी बुडाले कोण जाणे. त्याने मडक्यात एकाऐवजी दोन खडे टाकले.

दारात बसलेला सफर हे बघून हसला. सफर म्हणजे गावातला सगळ्यात बोलघेवडा माणूस. "अहो मश बरात, एक खडा वाटीचा, दुसरा कसला?"

"झोपेचा," बरात म्हणाला. "झोप माझी, तर पाणीही माझंच जायला हवं."

"आणि माझ्या पाळीला ही बया एवढ्या लवकर बुडते ती?"

"तू बडबडतोस ना, ऐकवत नाही तिला. जीव देते बिचारी."

असे आमचे दिवस होते. कुणाचा तंटा झाला की लोक म्हणायचे, "चल, वाटीवर हात ठेवून सांग." मी लहानशी, पण भल्याभल्यांचे हात माझ्यापाशी येऊन मागे फिरताना मी पाहिलेत. गर्व झाला होता मला, खोटं कशाला बोलू?

मग तो उन्हाळा आला. सलग दोन हिवाळे डोंगरावर बर्फ पडलं नव्हतं. मनगटाएवढी धार अंगठ्याएवढी झाली.

बरातची एकुलती एक मुलगी गुलअंदाम गावातच दिलेली. नवरा दक्षिणेला तेलाच्या कारखान्यात कामाला गेला तो गेलाच, ना पत्र ना निरोप. सासू ऊठसूट बोलायची. पोरीचं म्हणून जे काही होतं ते म्हणजे पिस्त्याची चाळीस रोपं. एके सकाळी ती पाणीघरात आली आणि बापासमोर मटकन बसली.

"बाबा, रोपांची पानं वळायला लागलीत. दोन वाट्या तरी जास्त द्या."

"कुणाच्या काढून देऊ?"

"ते मला नका विचारू. सासू म्हणते, रोपं मेली की तूही बापाकडे जा. तुम्ही पाटकरी, नि तुमच्याच मुलीचं शेत कोरडं. लोक हसतात मला."

"हसू देत. वाटी कुणाची मुलगी ओळखत नाही, गुलअंदाम."

"वाटी नाही ओळखत, बाबा. तुम्ही तर ओळखता ना?"

ती उठली आणि बापाने ओतून ठेवलेल्या चहाला हातही न लावता निघून गेली. बरात कितीतरी वेळ त्या गार झालेल्या चहाकडे बघत बसला.

गुलअंदामची पाळी दिवसातली शेवटची होती. तिच्या आधीची पाळी ताऊसची. ताऊस विधवा बाई. जवाचा एक तुकडा, त्याच्या कडेला खरबुजाचे चार वेल आणि दोन शेळ्या, एवढाच तिचा संसार. मागे-पुढे कुणी नाही. तिच्या दहा वाट्या.

बाराव्या दिवशी ताऊसची पाळी सुरू झाली. पहिली वाटी भरली, मी बुडाले. बरातने मला उचललं, ओतलं, पण झटकलं नाही. घोटभर पाणी माझ्या पोटात तसंच राहू दिलं आणि मला परातीत सोडलं. मला वाटलं, विसरला. पुढच्या वाटीलाही तेच. त्याच्या पुढच्या वाटीलाही. आधीच पाणी पोटात, मग मी लवकर भरणार आणि लवकर बुडणार, दुसरं काय होणार? त्याने मडक्यात दहा खडे मोजून टाकले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मग दारातून हाक दिली, "ताऊस, झालं गं तुझं!" सूर्य अजून चांगला वर होता, आणि मावळेपर्यंतचं सगळं पाणी गुलअंदामच्या रोपांना गेलं.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण मला फक्त बुडता येतं. मी बुडत राहिले. आणि एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बरातने हे सफरच्या पाळीला केलं नाही. सफर भांडला असता, चार माणसं गोळा करून आला असता. त्याने चोरी केली ती जिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं तिची.

असं त्या उन्हाळ्यात चार पाळ्या झालं. पिस्त्याची रोपं तरली. ताऊसचं जव दाण्यावर आलंच नाही. ती लोकांना सांगायची, "वाट्या दहाच होतात, पण पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही." लोक म्हणायचे, "अगं, कारेझच आटलाय, कुणाला पुरतंय?" बरात हे ऐकायचा आणि मान खाली घालून खडे चाळत बसायचा. खाई त्याला खवखवे.

शरद ऋतू लागला तेव्हा ताऊसने शेळ्या विकल्या. मशहदला जाऊन कुठेतरी धुणंभांडी करायची, असं तिने ठरवलं. आमच्याकडे लांबच्या वाटेला निघालेला माणूस आधी घरोघर जातो आणि कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागतो. समोरच्याने 'हलाल', म्हणजे 'माफ केलं', म्हटलं की ओझं उतरलं. ताऊस सगळी घरं करून शेवटी पाणीघरात आली. काखेत गाठोडं होतं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बरातदादा, निघाले मी. मला हलाल करा."

"तुझं काय चुकलंय, बाई," बरात कसाबसा म्हणाला.

"चुकलंय, दादा. या उन्हाळ्यात मी तुमच्यावर संशय घेतला. तोंडाने नाही बोलले कुणाजवळ, पण मनात आलं की वाटीत काहीतरी गडबड आहे. तुमच्यासारख्या माणसावर संशय! त्या दिवसापासून नमाजात मन लागत नाही माझं. माफ करा मला."

मी परातीत तरंगत होते. मी बरातच्या तोंडाकडे बघत होते. बोल, मी म्हणत होते, आता तरी बोल. गाडी सुटायला अजून तास आहे. त्याचे ओठ हलले. त्याने गळ्यातला रुमाल घट्ट धरला.

"हलाल," तो म्हणाला.

ताऊसने ओढणीने डोळे पुसले, त्याला दुवा दिली आणि हलक्या पावलांनी गाडीकडे गेली.

त्यानंतर सात वर्षं बरात पाटकरी होता. त्या सात वर्षांत माझ्या पोटात एक थेंबही राहिला नाही. तो मला इतका पुसायचा, इतका पुसायचा की माझी कड पातळ झाली. लोक त्याची आणखीनच तारीफ करायचे. लग्नकार्यात त्याला वरच्या जागी बसवायचे, पोरांना सांगायचे, माणूस असावा तर मश बरातसारखा. अशा दिवशी रात्री तो जेवायचा नाही. पुढे एका जमीनदाराने खोल विहीर खणून मोटार बसवली आणि आमचा कारेझ कायमचा आटला. मला खिळ्याला टांगलं. माझ्यावर धूळ बसली, हिरवा गंज चढला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मोजायला पाणीच नाही तर वाटी काय करायची?

त्याच वर्षी गुलअंदामच्या झाडांना पहिले पिस्ते लागले आणि त्याच वर्षी बरातने अंथरूण धरलं. पोरीने पहिली ओंजळ आणून बापापुढे धरली. त्याने तोंड फिरवलं, आणि मग भिंतीकडे बघतच सगळं सांगितलं.

गुलअंदामच्या हातातले पिस्ते खाली सांडले. "माझ्यासाठी केलंत?" ती म्हणाली. मग एकेक दाणा वेचत म्हणाली, "मीच मागितलं होतं."

दुसऱ्या दिवशी तिने मला फडक्यात गुंडाळलं, पिस्त्यांचं पोतं घेतलं आणि मशहदची गाडी धरली. विचारत विचारत ती पोचली तेव्हा यात्रेकरूंच्या एका मुसाफिरखान्यात ताऊस चादरी धूत होती. केस पांढरे, हात कोपरापर्यंत लाल. गुलअंदामने उभ्या उभ्या, एका दमात सगळं सांगून टाकलं. "खाला, बाबांचा जीव अडकलाय. त्यांना हलाल करा. मलाही करा."

ताऊसने हातातली चादर पिळली, वाळत टाकली. मग टबात स्वच्छ पाणी घेतलं, मला फडक्यातून काढलं आणि पाण्यावर सोडलं. ती उकिडवी बसून माझ्याकडे बघत राहिली. मी हळूहळू भरले. माझा सगळा वेळ घेतला आणि मगच बुडाले.

"इतका वेळ लागायचा होय," ती म्हणाली.

तिने पिस्त्यांचं पोतं आपल्याकडे ओढून घेतलं. "हे ठेवते. माझं पाणी आहे यात. तुझ्यावर माझा राग नाही, पोरी, आई-बापाकडे मागायचं नाही तर कुठे मागायचं? बापाला सांग, पाण्याचं हलाल केलं. दुष्काळ होता, पोटची पोर होती, मी समजते. पण मी त्याच्या दारात गेले होते. मी, जिचं पाणी गेलं ती, त्याची माफी मागत उभी होते. आणि त्याने मला मागू दिली. ते मला हलाल करता येत नाही. जमत नाही गं, काय करू?"

गुलअंदाम परत आली तेव्हा सफर बरातच्या उशाशी बसला होता. त्याने तिला दारातच गाठलं, सगळं ऐकलं आणि कुजबुजला, "अगं, सांगून टाक सगळं माफ केलं म्हणून. म्हातारा घटकाभराचा सोबती. एका शब्दाने सुखाने जाईल."

ती आत गेली. मी तिच्या हातातच होते.

"काय म्हणाली?" बरातने विचारलं.

"पाण्याचं हलाल केलं, बाबा."

"आणि दुसरं?"

सफरने तिला 'हो म्हण' अशी मानेने खूण केली. गुलअंदामचे डोळे वाहत होते.

"दुसरं नाही, बाबा. दुसरं नाही जमत म्हणाली."

बरातने डोळे मिटले. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. मग चाचपडत पोरीचा हात धरला. "तू खोटं सांगितलं असतंस तर मला कळलं असतं. बरं केलंस." तो हात त्याने सोडलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

आता मी गुलअंदामच्या घरी फळीवर असते. शाळेतली मुलं येतात, मला हातात घेतात, भोकातून उजेडाकडे बघतात. मित्रांनो, तुमच्या हातात कधी ना कधी दुसऱ्याचं माप येईल. कुणाच्या हातात वाटी, कुणाच्या हातात लेखणी, तर कुणाचा नुसता शब्द. ते माप ओतून झाल्यावर एकदा झटकत जा. आपल्या माणसासाठी तर दोनदा झटका, कारण हात तिथेच घसरतो. आणि घसरलाच, तर चोरीपेक्षा मोठी चूक करू नका. ज्याचं तुम्ही घेतलंत तो माणूस दारात येऊन तुमचीच माफी मागायला लागला, तर त्याचं बोलणं पुरं होऊ देऊ नका. आधी तुम्ही मागा.