गुरुवारची बाटली

काळेवाडीत टायरवाल्याच्या मागं पत्र्याची एक शेड, आणि दर गुरुवारी शेडपासून पार वळणापर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. आत काय आहे, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

गादीवरचा नितळबाबा बाटलीतली लघवी पेल्यात ओतायचा, चिमूटभर हळदीचा भंडारा टाकायचा, वर तांब्यातलं तीर्थ. पेला लालभडक!

"पकडला! रोग पकडला!"

मग लिंबू पिळायचं. लाली पळाली, पेला पुन्हा पिवळा.

"चाकू नको, टाका नको, लघवीची पिशवी कापायचा धोका नको!" बाबा ठेक्यात म्हणायचा आणि शेड टाळ्यांनी दणाणायची.

मागच्या गुरुवारी त्या टाळ्यांत दौलतरावही होते. दोन महिने त्यांच्या लघवीतून अधूनमधून रक्त जात होतं. दुखत काहीच नव्हतं. तपासणीत मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन त्या गुरुवारनंतर अकरा दिवसांनी, सोमवारी.

डॉक्टर आम्रपालींनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं, "मूत्राशय काढावंच लागेल. आतड्याच्या तुकड्याची नवी पिशवी शिवू. एरवी पुरुषांत सोबत प्रोस्टेट ग्रंथीही काढतात. पण तुमचा रोग अजून तिथवर उतरलेला नाही. ग्रंथी आणि तिच्याजवळच्या नाजूक नसा वाचवता येतील असं दिसतंय. म्हणजे नवराबायकोचं नातं टिकायची आशा जास्त. हे सगळ्यांना जमत नाही. तुम्हाला आज जमतंय. उशीर केलात तर सांगता येणार नाही. आणि मधेच रक्त थांबलं तर फसू नका."

दौलतरावांना ऐकू आलं फक्त 'काढावंच लागेल'. पंचावन्नाव्या वर्षी असलं दुःख पुरुषानं बोलावं तरी कुणाशी? कंपनीतल्या पिंटूनं हळूच बाबाचा पत्ता दिला.

आणि दोनच दिवसांत रक्त थांबलं!

"बघ यशोदा, सोमवार रद्द!"

यशोदाबाई मोरीत त्यांचा शर्ट चोळत होत्या. भंडाऱ्याच्या पिवळ्या डागाला साबण लागला आणि डाग लाल झाला. त्या डागाकडं बघतच राहिल्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "या गुरुवारी मी येते संगं. बाटलीबी मीच बांधून घेते."

गुरुवारी पेला लाल झाला, पिवळा झाला. बाबा गरजला, "गेला! समूळ गेला! आता डॉक्टरच्या दारात पाय टाकलास तर उलटून येईल!"

"बाबा, ह्यांचाच रोग हुता न्हवं?"

"आईची आण!"

"मंग कोऱ्या चहाला कॅन्सर झालता म्हणायचं. बाटलीत आमचा सकाळचा चहा हाय. बिनसाखरेचा."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. यशोदाबाई वळल्या. "तंबाखूवाल्यांनो, चुन्याची डबी काढा एखादी!"

सहा डब्या पुढं आल्या. पाण्यात चुना, चिमूटभर भंडारा: लाल. लिंबू पिळलं: पिवळं.

"तांब्यात तीर्थ न्हाई, चुन्याची निवळी हाय. आमच्या गावाकडं बाया हळदीचं कुंकू असंच करायच्या. ह्यानं पेल्यात कुंकू करून दाखवलं, अन् माझ्या कपाळाचं पुसाया निघाला!"

दौलतराव मान खाली घालून उभे. बावीस वर्षं चाकणच्या कंपनीत ते तपासनीस. शिफ्ट सुरू होताना तपासणीच्या मशिनमध्ये आधी ओळखीचा पीस घालायचा, ज्याचा निकाल आपल्याला ठाऊक आहे असा. मशिन चुकलं तर लाइन बंद, कुणाची भीड नाही. नटबोल्टासाठी एवढी पारख, आणि स्वतःच्या जिवासाठी न तपासलेलं मशिन? ओळखीचा पीस शेवटी बायकोनं घातला!

त्यांनी मान वर केली. "मशिन फेल आहे, राव. लाइन बंद करा!"

बाबा मागच्या दारानं कधी सटकला, कळलंच नाही. लिंबं तेवढी राहिली.

सोमवारी स्ट्रेचरवरून दौलतरावांनी विचारलं, "डॉक्टरबाई, त्या नसा..."

"जिवापाड जपते. पण हमी मागू नका."

"नको, नको," दौलतराव हसले. "हमी बाबानं दिली होती."

तर मंडळी, लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, दुखो वा न दुखो, थांबो वा न थांबो, तपासून घ्या. आणि चमत्कार दिसला तर आधी त्याला आपला चहा पाजून बघा. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर बसून यशोदाबाई वाट बघत गुणगुणत होत्या:

पिवळ्या गं हळदीला, चुना लागता होई कुंकू,
बाई, विचारल्याबिगर, नको कुणाम्होरं झुकू.