डॅशबोर्डला ठिगळ

रंगुबाईच्या नातवाचा तळहात बुधवारी कापला आणि सुरेखाच्या वर्षभराच्या बेतावर पाणी पडायची वेळ आली.

बेत साधाच होता. दसरा झाला की दरवर्षी सुरेखा आणि भागवत ऊसतोडीला जायचे, ते चैत्र लागताना माघारी यायचे. तोवर निकिता आजीपाशी राहून शाळा करायची. पण आजी, म्हणजे भागवतची आई कडूबाई, उन्हाळ्यात वारली. आता पोरगी ठेवायची कुणापाशी? बरोबर न्यायची म्हणजे आठवीतून तिचं नाव गेल्यातच जमा. फडावर गेलेल्या किती मुली पुन्हा वर्गात बसतात ते सुरेखाला बोटांवर मोजता येत होतं, आणि त्याला एक हात पुरत होता. म्हणून त्यांनी शेळ्या विकून एक जुनी व्हॅन घेतली. तीन वस्त्यांवरची पोरं पाथर्डीच्या शाळेत न्यायची, संध्याकाळी आणायची. भागवतचा हात ट्रॅक्टरवर बसलेला होताच, लायसनही होतं. पोरांचं काम मिळालं तर कोयता खुंटीला, नाही मिळालं तर तिघंही ऊसतोडीच्या ट्रकमध्ये.

व्हॅनचा आधीचा मालक लग्नाचे फोटो काढायचा. लोकांचे चेहरे उजळवणाऱ्या या माणसानं स्वतःची गाडी मात्र सहा वर्षं बिनसावलीची उभी केली होती. इंजिन ठणठणीत होतं, पण डॅशबोर्ड उन्हानं तडकलेला. डाव्या अंगाला, पुढं बसणाऱ्याच्या बरोबर समोर, वीतभर चीर आणि तिच्या कडा वर उचललेल्या. बुधवारी वस्त्यांवरच्या लोकांना गाडी दाखवायला म्हणून एक फेरी मारली. वाटेत कुत्रं आडवं आलं, भागवतनं ब्रेक दाबला, पुढं बसलेल्या पोरानं हात टेकवला आणि तळहातातून रक्त आलं.

रंगुबाई ही तिन्ही वस्त्यांची न निवडलेली सरपंच. ती म्हणेल ते आयाबायांना पटायचं, आणि नाही पटलं तरी बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. तिनं नातवाचा हात फडक्यात बांधला आणि भागवतला सुनावलं, "सोमवारी गाडी पुन्यांदा आन. मी सोता म्होरं बसनार. नीट केली आसंल तर पोरं तुझ्या गाडीत. न्हाईतर दुसरा गाडीवाला तयार हाय."

गुरुवारी दोघं पाथर्डीत अमृतकडं गेले. अमृत गाड्या रंगवायचा. त्यानं दारातूनच डॅशबोर्डकडं पाहिलं आणि मान हलवली.

"नवा या गाडीचा येत न्हाई आता. कुटं मिळाला तरी गाडीच्या निम्म्या किमतीला पडंल."

भागवतनं लगेच किल्ली फिरवली. हा माणूस फडावर दहा माणसांचं ओझं ओढेल, पण दुकानदारानं नाही म्हटलं की त्याचे पाय आपोआप माघारी वळायचे. सुरेखा खाली उतरली.

"आन् हाच नीट करायचा म्हनलं तर?"

अमृत हसला. तिनं त्याला हसू दिलं, पण ती जागची हलली नाही. शेवटी त्यानं पत्र्याचे पोचे भरायची लांबी, दोन पॉलिश पेपर आणि काळ्या रंगाचा एक फवाऱ्याचा डबा दिला. लांबी भरा, घासा, रंग मारा, असं त्यानं इतक्या सहज सांगितलं की जणू भाकरीच थापायची होती.

त्या दुपारी सुरेखानं चिरेत लांबी भरली, वाळवली, घासली. हात फिरवला तर अगदी गुळगुळीत. तिला इतका आनंद झाला की तिनं चुलीवर चहा ठेवला आणि भागवतला न मागता दिला. शुक्रवारी सकाळी भागवतनं गाडी खडीच्या रस्त्यानं फिरवून आणली. लांबीचे तुकडे होऊन खाली पडले होते. वर चीर दोन बोटं पुढं सरकली होती.

"मी म्हनलं न्हवतं?" भागवत म्हणाला. खरं तर तो काहीच म्हणाला नव्हता.

त्यात संध्याकाळी बन्सी आला. बन्सी त्यांचा मुकादम, टोळी नेणारा. माणूस वाईट नव्हता. पोरीला खाऊ घेऊन यायचा, पण आला की घरात निघायची घाई घेऊन यायचा.

"सोमवारी सकाळी ट्रक येनार, वहिनी. अख्खा कोयता पायजे बरं का."

नवराबायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा, आणि अर्ध्याला टोळीत कुणी धड विचारत नाही. म्हणजे सुरेखानं पाय रोवले तर भागवतचंही जाणं अडत होतं, हे तिघांनाही माहीत होतं. भागवत बशीत बघत म्हणाला, "बगू."

त्या "बगू"चा तिला असा राग आला की कपबश्या धुताना एक बशी हातात तडकली. पुरुषाचं बगू म्हणजे अर्धं हो असतं. बन्सी गेल्यावर भागवतनं कोपऱ्यातलं गाठोडं ओढलं आणि दोन्ही कोयते, तवा, फडावरचे कपडे त्यात भरून ठेवले. नुसतं तयार असावं म्हणून, असं त्याचं म्हणणं. सुरेखा तडकलेल्या बशीकडं बघत राहिली. तडा मधेच थांबला होता. बशीच्या नक्षीत एक टवका आधीच उडालेला होता, तडा त्या गोल खळगीपाशी येऊन अडला होता.

तिला गोधडी आठवली. कापड फाटायला लागलं की फाटलेल्या जागेवर आधी टाका घालायचा नसतो. फाटा जिथं संपतो तिथं, त्याच्या पुढं, गाठ मारायची. मग तो पुढं पळत नाही. ही गोष्ट सासूनं तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवली होती, तीही दोनदा टाके उसवायला लावून.

शनिवारी सकाळी ती एकटीच एसटीनं अमृतकडं गेली.

"तुमची लांबी पडली."

"पत्र्याची व्हती ना ती. प्लॅस्टिक हलतंय, ती हलत न्हाई," अमृत म्हणाला. हे त्याला गुरुवारी आठवलं असतं तर बरं झालं असतं, पण सुरेखानं ते गिळलं. "खालनं फायबरचं कापड रेझिनमधी भिजवून चिटकवाया लागतं. त्यावर प्लॅस्टिकची लांबी. पन कापड संपलंय. नगरवरनं मंगळवारी यील."

"रेझिन हाय?"

"हाय."

"मग ते द्या, आन् प्लॅस्टिकची लांबीबी. कापडाचं मी बगते."

घरी येऊन तिनं डॅशबोर्ड साबणचुऱ्यानं तीनदा धुतला. फोटोवाल्यानं चकाकीसाठी चोपडलेलं तेल निघेपर्यंत पाणी काळं येत होतं. मग स्टोव्हवर दाभण लाल केला आणि चिरेच्या दोन्ही टोकांच्या पुढं एकेक भोक पाडलं. प्लॅस्टिकचा घाण वास सुटला. भागवत दाराशी उभा राहून बघत होता.

"आसलेल्या चिरेला आजून भोकं?"

"गाठ हाय ती."

तिनं डॅशबोर्डचा कप्पा काढून खालून हात घातला आणि मापून बघितलं. कापड जाड हवं, सुती हवं, रेझिन पिणारं हवं. घरात तसं एकच होतं. तिनं गाठोडं सोडलं, आपला फडावरचा सदरा काढला. उसाच्या पात्यांनी हात कापू नयेत म्हणून साडीवर घालायचा, सात हंगाम घातलेला, घामानं आणि चिकानं ताठ झालेला, आणि कितीही धुतला तरी त्याचा रंग काही परत आला नव्हता. तिनं कात्री लावली.

"आगं, काय करतीस? तिकडं काय घालशील मंग?"

"जायचंच न्हाई तर घालू कशाला?"

कात्री सरळ चालली. तिनं पाठीचा तुकडा दुहेरी घेतला, रेझिनमध्ये भिजवला आणि खालून चिरेला चिकटवून दाबून धरला. हात अवघडला, खांदा भरून आला. बराच वेळ गेल्यावर बाजूनं भागवतचा हात आत आला.

"सर. मी धरतो."

रविवारी वरून प्लॅस्टिकची लांबी भरली, पाणी लावून घासली, काचांना कागद आणि टेप लावून रंग मारला. भागवतला एका दमात काळंभोर करायची घाई होती. सुरेखानं डबा त्याच्या हातातून काढून घेतला आणि लांबून, पातळ, एक हात वाळल्यावर दुसरा, असे चार हात दिले. गाडी दिवसभर सावलीत उभी ठेवली. नीट निरखून बघितलं तर चिरेच्या जागी बारीक वळ दिसत होता. तो काही गेला नाही.

सोमवारी सकाळी ट्रक आला. निकिता दप्तर घेऊन व्हॅनमध्ये मागं बसली होती. बन्सीनं लांबूनच हाक मारली. भागवत ट्रककडं चालत गेला, आणि सुरेखा सीटवर हात दाबून बसली. दोघं काहीतरी बोलले. बन्सीनं दोन्ही हात वर केले. ट्रक गेला, भागवत आला आणि स्टिअरिंगवर बसला. विचारायचा तिला धीर झाला नाही.

वस्तीवर रंगुबाई म्हटल्याप्रमाणे स्वतः पुढं बसली. सुरेखा निकिताजवळ मागं गेली. म्हातारीनं वळावरून बोट फिरवलं.

"ह्यो वळ कशाचा?"

"ठिगळ हाय, मावशी," सुरेखा म्हणाली. "खालनं सदरा लावलाय."

"सदरा?" रंगुबाईनं मागं वळून तिच्याकडं नीट पाहिलं. मग भागवतला म्हणाली, "चल जोरात. आन् मी म्हनलं की ब्रेक मार."

खडीच्या रस्त्याला तिनं हूं केलं. भागवतनं ब्रेक दाबला. म्हातारीचे दोन्ही तळहात बरोबर त्या वळावर आदळले. गाडी थांबली. रंगुबाईनं तळहात उलटून पाहिले, डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"उद्या सातला ये," रंगुबाई म्हणाली. "आन् माजा नातू मधी बसल, खिडकीला न्हाई."

निकिताला शाळेच्या फाटकाशी सोडून दोघं माघारी निघाले. सुरेखाला रडू येत होतं आणि भूकही लागली होती. तरी मनातला काटा टोचतच होता.

"बन्सीभाऊला काय सांगितलं मगा? न्हाई जमलं तर मागनं एसटीनं येतो म्हनलात ना?"

भागवतनं सीटखालून एक फडकं काढून तिच्याकडं टाकलं. "काच पूस. टेपचा डिंक ऱ्हायलाय."

तिनं फडकं उलगडलं. ती अख्खी बाही होती. कोपरावर तिनंच मागच्या हंगामात घातलेले टाके होते. भागवतच्या फडावरच्या सदऱ्याची.

"कदी फाडला?"

"सकाळी," तो म्हणाला. "ट्रक यायच्या आदी."