पूर्णेकाठचं पडीत

सरकी काढायची यंत्रं विकत अकोल्याकडे फिरणारा एक अमेरिकन साहेब त्या उन्हाळ्यात चंद्रभानच्या ओट्यावर मुक्कामाला होता. त्याच्या देशात लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, म्हणून वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता.

संध्याकाळी साहेब आपल्या बापाची हकीगत सांगू लागला. दुभाषा म्हणून अकोल्याचे मोरोपंत सोबत होते. बाप म्हणे गाड्यांवर कापडी छत ताणून, बैल जुंपून, बायकापोरांसह मावळतीकडे निघाला. मोठमोठ्या नद्या ओलांडल्या. छातीइतक्या गवताचं रान लागलं, तिथं त्यानं खुंट्या ठोकल्या आणि नांगर घातला. जमीन त्याची झाली.

"तिथं कोनीच नव्हतं?" चंद्रभाननं विचारलं.

साहेबाचं उत्तर मोरोपंतांनी सांगितलं, "होते काही शिकार करून राहणारे. ते पुढं सरकले, म्हणतो."

चंद्रभानला रात्रभर ते गवत दिसत राहिलं. पूर्णेकाठी त्याच्या शेताला लागून असंच मोठं पडीत होतं. दर पावसाळ्यात बंजाऱ्यांचा तांडा तिथं उतरायचा, कारण चिखलात त्यांचे पाठीवर गोण्या वाहणारे लदाऊ बैल चालत नसत. कागद मात्र कुणाचाच नव्हता.

सरकारी मोजणीचा कारकून आला. "इथं कोणाची वहिवाट?"

"कोनाचीच नाई," चंद्रभान म्हणाला. "रिकामंच पडून राह्यते." समोर तांड्याच्या चुलींचे काळे दगड पडले होते. कारकुनानं ते पाहिले नाहीत; पडीत चंद्रभानच्या नावावर लिहून घेतलं.

घरी मनकर्णानं विचारलं, "अन् भीका नाईकाचा तांडा कुठं जाईन?"

"फिरते लोक हायेत. सरकतीन पुढं."

"आपली कौशल्या कोनाच्या दुधावर जगली, इसरले काय?"

बाळंतपणात मनकर्णा तापानं पडली, तेव्हा भीकाच्या बायकोनं, सोनकीनं, पोरीला अंगावर पाजलं होतं. चंद्रभान बैल घेऊन पडितात गेला. त्यानं नांगर घातला.

कापसाची पराटी दोन पानांवर आली आणि तांडा आला. भीका नाईक शेताच्या धुऱ्यावरच थांबला. रोपं तुडवली जाऊ नयेत म्हणून त्यानं बैल मागं रेटले.

"भाऊ, आमी कुठं उतरावं?"

"सरकारानं मोजून घेतली," चंद्रभान म्हणाला. "माह्या हातात काई नाई."

सोनकी भाकर घेऊन आलेल्या मनकर्णाच्या कडेवरच्या पोरीकडे बघत होती. "मोठी झाली वं," एवढंच ती म्हणाली. तांडा वरच्या खडकाळ उतरणीकडे वळला.

तिथं चारा नव्हता. बैल मरू लागल्याचं कानावर आलं, तेव्हा ज्वारीचं पोतं घेऊन चंद्रभान गेला. खरं काय ते सांगून टाकायचंच, असं ठरवून गेला. भीकानं गोधडी अंथरली, पाणी दिलं आणि स्वतःच म्हणाला, "सरकारापुढं तुमचं तरी काय चालनार, भाऊ? वाईट वाटून घेऊ नका."

 चंद्रभान पाणी प्यायला आणि पोतं ठेवून, खरं न सांगताच मान खाली घालून परतला. दुसऱ्यांदा गेला, तेव्हा उतरणीवर तांडा नव्हता. कुठं गेला, कुणाला ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास ते शेत पांढरंशुभ्र फुटलं. वेचणीआधी घरच्या बाईनं दहीभात घेऊन शेतात सीतादहीची पूजा करायची असते. मनकर्णा चुलीपुढून उठली नाही.

"मी नाई येत त्या वावरात," ती म्हणाली. "तुमचं तुमी करा."

मग त्यानंच दहीभाताचं ताट नेलं. वेचायला आलेल्या बाया पदराआड हसत होत्या. पुरुषाला पूजा जमत नाही म्हणून हसतात, हे त्याला कळत होतं. तरी ताट ठेवून तो बराच वेळ मातीकडेच बघत बसला. त्यांच्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.