पेंगुळलेली घोडी

शुक्रवारी सकाळी रीथानं मेपलच्या पाठीवर खोगीर टाकलं, तरी घोडीनं कानसुद्धा हलवला नाही. तिथंच रीथाच्या मनात पाल चुकचुकली.

ही तांबडी घोडी म्हणजे काही गरीब गाय नव्हती. खोगीर दिसलं की ती पोट फुगवायची, शेपटी फटकारायची, आणि तंग आवळणाऱ्याच्या दंडाला दात लावायलाही कमी करायची नाही. अकरा वर्षं रीथा तिचे नखरे सोसत आणि मिरवत आली होती. आज मात्र ओकच्या दोन झाडांमध्ये ताणलेल्या दोराखाली मेपल मान टाकून उभी होती. मागचे पाय फाकलेले, डोळे अर्धवट मिटलेले, खालचा ओठ लोंबता.

"वेंडेल, हिला काय झालंय रे?"

"काय व्हायचंय? काल चार तास ट्रेलरमध्ये उभी होती. दमली असेल." नवरा कॉफीचं भांडं विसळत म्हणाला, "तिचंही वय झालं की आता. आपल्यासारखंच."

"तू तुझं बोल."

वेंडेल हसला, पण त्यानं वर बघितलं नाही.

मिझुरीच्या डोंगरातल्या या स्टेट पार्कात ती दोघं बावीस वर्षं येत होती. घोडेवाल्यांचा तळ वेगळा, ओढ्याच्या वरच्या अंगाला. दर जूनमध्ये तीच दहा-बारा कुटुंबं, तेच ट्रेलर, लिदीच्या ढिगाऱ्यावरून तीच कुरबूर. या खेपेला रीथाला तिथं पोचण्याची फार घाई होती. गेल्या ऑक्टोबरातल्या एका जादा खेपेला ती मेपलवरून याच ओढ्याच्या खडकात पडली होती. कंबरेचं हाड मोडलं, त्यात आठ महिने गेले. चौसष्टाव्या वर्षी पुन्हा चालायला शिकली. डॉक्टरांनी नाइलाजानं हो म्हटलं, तसं तिनं त्याच दिवशी तळावरची जागा राखून ठेवली.

आणि आता घोडी अशी!

तरीही दोघं निघाली. वेंडेल आपल्या करड्या घोड्यावर पुढं, रीथा मागं. ओढ्याच्या उतारावर मेपल ठेचकाळली, पुढचा गुडघा जवळजवळ टेकला. रीथानं आयाळ घट्ट धरली. अकरा वर्षांत या घोडीचा पाय असा कधी चुकला नव्हता. पडली होती ती रीथा, तेही घोडी हरणाला बुजली म्हणून.

"परत फिरू या," ती म्हणाली.

"फिरू या," वेंडेल म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला, की तिला थोडं नवल वाटलं.

तळावर आल्यावर तिनं गेनेलला बोलावलं. गेनेल तळाची राखणदार. उन्हाळाभर आपल्या गाडीत मुक्काम ठोकायची, येणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या रक्ततपासणीचे कागद बघायची. त्याआधी तीस वर्षं तिनं एका घोड्यांच्या डॉक्टरच्या हाताखाली काढली होती. तिनं मेपलचा ओठ उलटवला, पापणी वर केली, छातीला कान लावला.

"आजारी नाही ही. हिला कुणीतरी औषध दिलंय."

"कसलं औषध?"

"शांत करायचं. नाल ठोकताना लाथा झाडणाऱ्या घोड्याला आमचे डॉक्टर द्यायचे. नळीतून जिभेखाली लावायचं, की तासाभरात घोडं पेंगायला लागतं. दुपारपर्यंत उतरेल. तोवर हिच्यावर कुणी बसू नका. अशा घोड्याचे पाय त्याच्या ताब्यात नसतात."

रीथाची नजर आपोआप शेजारच्या जागेकडे गेली.

तिथं या वर्षी एक अनोळखी माणूस उतरला होता. लाइल प्रुएट. चाळिशीचा, एकटाच, बरोबर एक काळं खेचर, गाडीला शेजारच्या आर्कान्सो राज्याची पाटी. कुणाशी बोलणं नाही, चालणं नाही. आल्या संध्याकाळीच तो मेपलला न्याहाळत उभा राहिला होता आणि त्यानं विचारलं होतं, "ही विकणार का?" आज पहाटे रीथा उठली, तेव्हाही तो मेपलच्या दोरापाशीच होता. रिकामी बादली घेऊन.

गुंगीत असलेलं जनावर कुणाच्याही ट्रेलरमध्ये मुकाट चढतं. एवढं कळायला रीथाला वेळ लागला नाही.

संध्याकाळी सगळा तळ मोठ्या छपराखाली जेवायला जमला. प्रत्येकानं आपापलं भांडं आणलं होतं: घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, कुणाची भाजलेली कोंबडी. लाइलही आला, हातात विकतच्या बटाट्याच्या सॅलडचा डबा. रीथानं त्याला बसूही दिलं नाही.

"माझ्या घोडीला काय दिलंत तुम्ही?"

आसपासच्या बाकांवरची माणसं वळून बघू लागली.

"काय म्हणालात?"

"सकाळी तिच्यापाशी कशाला गेला होतात? काल विकत मागता, आज ती उभ्या उभ्या झोपते! आम्ही काय दूधखुळे वाटलो का तुम्हाला?"

लाइलची मान लाल झाली. त्यानं रीथाकडे नाही, तिच्या शेजारी बसलेल्या वेंडेलकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं.

"तुमच्या नवऱ्याला विचारा," तो म्हणाला. डबा टेबलावर ठेवून तो निघून गेला. त्या डब्याला कुणी हात लावला नाही.

"बघितलंस? चोर तो चोर!" रीथा धुमसत होती.

"जाऊ दे गं. तमाशा नको," वेंडेल म्हणाला.

आणि तिथं रीथाचा घास तोंडातच फिरू लागला. एकदा ट्रेलर लावण्याच्या हातभर जागेवरून वेंडेलनं या तळावर दोन कुटुंबांशी उभा दावा मांडला होता. आज त्याच्या बायकोच्या घोडीवर कुणी विषप्रयोग केला, असं ती चारचौघांत सांगते आहे, आणि हा म्हणतो, जाऊ दे? शिवाय गेल्या आठवड्यापासून त्याचं ते सारखं, "तू बस, कॉफी घे, घोडीचं मी बघतो." अकरा वर्षांत मेपलला चंदी कधी घातली होती त्यानं?

रात्रभर ती त्याच्या पाठीकडे बघत पडून राहिली. तोही जागाच असावा. घोरत नव्हता.

शनिवारी उजाडताच ती टॉवेल घेऊन म्हणाली, "आंघोळ करून येते." न्हाणीघराच्या वाटेवर वळली आणि मागच्या झाडीतून फिरून ट्रेलरच्या पुढच्या खोगिरांच्या कप्प्यात शिरली. कातड्याच्या वासात, दुखरी कंबर भिंतीला टेकून, झडपेच्या फटीला डोळा लावून उभी राहिली.

फार थांबावं लागलं नाही. वेंडेल आला. त्यानं इकडं तिकडं बघितलं. कोटाच्या खिशातून एक जाडसर नळी काढली. मेपलच्या गालावरून हात फिरवत तो म्हणाला, "शहाणी गं माझी बाई. जीभ वर कर. तिला जप आज."

"वेंडेल."

तो दचकला. नळी गवतात पडली. रीथा कप्प्यातून उतरली आणि तिनं ती उचलली. अजून भरलेली होती.

"नालबंदाकडून घेतली," तो म्हणाला. तिनं काही विचारलंच नव्हतं. "थोडीशीच देत होतो. घोडी जरा थंड राहावी म्हणून."

"काल ती माझ्यासकट तोंडावर आपटत होती!"

"ते मला माहीत नव्हतं, देवाशपथ! पाय लटपटतील असं नाही वाटलं." त्यानं मेपलच्या मानेवर हात ठेवला. "रीथा, तू ओढ्यात पडलीस ना, तेव्हा मदत यायला चाळीस मिनिटं लागली. तू शुद्धीत नव्हतीस सगळा वेळ. मी होतो."

"मग मला म्हणायचंस, बसू नकोस."

"ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण मला कळलं तरी असतं, माझ्याखाली काय आहे ते." तिनं नळी खिशात टाकली. "आणि तो माणूस? काल तो तुझ्याकडे का बघत होता?"

वेंडेलनं शेजारच्या जागेकडे बघितलं.

"काल पहाटे पाण्याला जाताना तो मला सांगायला आला होता. घोडी बरी दिसत नाही म्हणून."

ती तशीच शेजारच्या जागेवर गेली. लाइल खेचराला खरारा करत होता. सामान बांधून झालं होतं.

"चूक झाली माझी," रीथा म्हणाली. "ते तुम्ही नव्हता. माफ करा."

"बाई, काल सगळ्यांच्या देखत बोललात. आज एकट्या आलात." त्यानं खरारा थांबवला नाही. "सकाळपासून तळावरच्या दोघांनी आपापली जनावरं माझ्यापासून लांब नेऊन बांधली. आता तुम्ही ओशाळलात, त्याचं मी काय करू?"

त्याचं म्हणणं खरं होतं. पण त्याला मोकळं करायचं, तर दुसऱ्याचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि ते नाव एकच होतं.

"आज संध्याकाळपर्यंत थांबा," ती म्हणाली.

तो थांबला. जेवणाच्या वेळी रीथा छपराखाली उभी राहिली. "काल मी या गृहस्थांवर आळ घेतला. तो खोटा होता. घोडीला औषध आमच्याच घरातून दिलं गेलं, आणि घोडी बरी नाही हे यांनीच आधी ओळखलं होतं. मी चुकले."

माना वेंडेलकडे वळल्या. तो ताटातल्या घेवड्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मी दिलं." एवढंच. गेनेलनं तोंड फिरवलं. कुणीतरी लाइलला बाकावर जागा करून दिली, पण तो बसला नाही. "ठीक आहे," एवढंच रीथाला म्हणाला आणि उजेड असतानाच आर्कान्सोच्या वाटेला लागला.

रविवारी रीथानं स्वतः तंग आवळला. मेपलनं पोट फुगवलं. ओढ्यापाशी झुडपातून रानटर्की फडफडली तशी घोडी आडवी उडाली, रीथाच्या कंबरेतून कळ गेली, पण मांडी सुटली नाही. वेंडेल वीस पावलं मागं होता. तो काही बोलला नाही, जवळही आला नाही. तसंच तर तिनं बजावलं होतं.

पुढं उन्हाळाभर तो तबेल्यात पाय ठेवण्याआधी दाराशी थांबून विचारू लागला, "येऊ का?" ती ये म्हणायची. आणि तो गेला, की मेपलचा ओठ उलटवून बघायची. एकदा त्यानं खिडकीतून ते पाहिलं. तिनंही त्याला पाहताना पाहिलं. तरी तिनं ओठ नीट बघूनच सोडला.