गावाची शेड

दुपारची वेळ. पाऊस कोसळत होता आणि नगरसेवक गुरुप्रसाद पडवीत बसून उद्याच्या भाषणाची मनात जुळवाजुळव करत होता. देवळाच्या सभामंडपात लोकांसमोर वॉर्डातल्या कामांबद्दल बोलायचं होतं. बोलण्यासारखं खूप होतं. टेकडीवरच्या घरांना नळ आले, बंदराच्या रस्त्याला दिवे लागले, घंटागाडी बौद्धवाडीपर्यंत जाऊ लागली. आणि सर्वांत मोठं काम म्हणजे स्मशानातली नवी शेड. पूर्वी पावसाळ्यात मयत पेटवायचं म्हणजे जिवंत माणसांचं मरण असे.

तेवढ्यात फोन वाजला. ओमकार होता. बौद्धवाडीतला रिक्षावाला, गुरुप्रसादचा शाळेपासूनचा सोबती. निवडणुकीत यानेच रिक्षाला भोंगा बांधून त्याचा प्रचार केला होता.

"गुरू, आवस गेली रे सकाळी. तिका घेऊन शेडीकडे इलंव, तर फाटकाक कुलूप! चावी खंय गावतली?"

ओमकारच्या आईची तिरडी फाटकाबाहेर होती आणि चावी गुरुप्रसादच्या घरातच होती. गुरुप्रसादचे वडील परशुराम देवस्थानचे मानकरी. शेडीची चावी त्यांच्याकडे ठेवायचं गावाने ठरवलं, तेव्हा गुरुप्रसादनेही मान डोलावली होती.

बाबा पानावर बसले होते. गुरुप्रसादची बायको संचिता वाढत होती.

"बाबा, चावी दिया. ओमकारची आवस गेली."

"कळला माका. म्हणानच कुलूप घातलंय."

"शेड सरकारी पैशान बांधलेली आसा, बाबा."

"पैसो सरकारचो, पण जमीन गावाची. तेंची जागा खाडयेकडे आसा, बापजाद्यांपासून. थंयच नेवंदेत." बाबांनी भाताला आमटी कालवली. "चावी दिलंस तर उद्या सभेक कोण येता ता बग. आणि पुढच्या खेपेक मतां कोण देता ता पण बग."

संचिता सासऱ्यांकडे वळली. "मामांनू, पावसात उभी आसत ती माणसां."

बाबांनी आमटीची वाटी पुढे केली.

गुरुप्रसाद पडवीत आला. फोनवर म्हणाला, "ओमकार, वायच थांब. मी बोलतंय बाबांवांगडा. पाऊस तरी कमी होवंदे."

पाऊस कमी झाला नाही. बाबा जेवून आडवे झाले. ते उठले की पुन्हा विषय काढू, असं गुरुप्रसाद स्वतःला सांगत राहिला. ओमकारचा पुन्हा फोन आला नाही.

संध्याकाळी न राहवून तो खाडीकडे गेला. चिखलात सरण रचलं होतं. चार माणसं वर ताडपत्री धरून उभी होती. डिझेल ओतलं की भडका उडायचा, सर आली की विझायचा. ताडपत्री वितळून खाली गळत होती, तरी ओमकारने आपलं टोक सोडलं नव्हतं. त्याच्या मनगटांची कातडी सोलून निघाली होती. ओमकारच्या आई सावित्रीबाई अर्ध्याच जळल्या होत्या. वाऱ्यावर तो वास येत होता. मागे, शंभर पावलांवर, नव्या शेडीतला दिवा अंधार पडताच आपोआप लागला. खालची फरशी कोरडी ठणठणीत होती.

गुरुप्रसाद ताडपत्री धरायला पुढे झाला.

"साहेब, तुमी जावा," ओमकार म्हणाला. "आमचा आमी बगतंव."

शाळेपासून 'अरे-तुरे' करणाऱ्या तोंडातून आलेलं ते 'तुमी' गुरुप्रसादच्या काळजात रुतलं.

सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून ओट्यावर उभे होते. "चल, लोक जमले देवळात."

"मी सभेक येणंय नाय. पोलीस ठाण्यात जातंय."

"कित्याक?"

"तुमचा नाव देवक."

बाबांचा चेहरा उतरला. "बापाक तुरुंगात धाडतलंस?"

गुरुप्रसादने चपला पायात सरकवल्या. संचिता त्याच्या मागोमाग पायऱ्या उतरली.

ठाण्यात ओमकार आधीच बाकावर बसला होता. मनगटांना पट्ट्या बांधलेल्या. त्याने वर पाहिलं नाही.

हवालदाराने विचारलं, "कुलूप कोणी लावलं होतं?"

"परशुराम. माझे वडील."

"चावी मागायला कोण गेलं?"

"मी. इथला नगरसेवक."

"मग?"

"मग पाऊस थांबायची वाट बघत मी घरात बसून राहिलो," गुरुप्रसाद म्हणाला. "तेही लिहा."