सातवा घसा

अकराला बारा मिनिटं कमी होती आणि माझी मुलगी माझ्या टेबलासमोरच्या बाकावर तापाने फणफणत बसली होती.

"मम्मी, झाले का अकरा?"

"नाही गं. थोडं राहिलंय. पाणी पी बघू."

"गिळताना दुखतं."

"मग नुसतं ओठाला लाव."

टेसी सहा वर्षांची, पहिलीत शिकते. मी त्याच शाळेच्या ऑफिसात हजेरीची कारकून आहे. चौदा वर्षं झाली. आमच्याकडे अकरापर्यंत टिकलेलं मूल त्या दिवशी हजर धरतात. त्याआधी घरी गेलं की गैरहजर. दहावी गैरहजेरी झाली की काउंटीला, म्हणजे जिल्हा कचेरीला, पत्र जातं आणि त्याची प्रत घरी, मग डॉक्टरची चिठ्ठी असो की नसो. आईबापांना बोलावणं येतं, मुलाची हेळसांड होते का याची चौकशी होते. त्या पत्राखाली सही माझी असते. टेसीच्या नऊ गैरहजेऱ्या झाल्या होत्या, नवाच्या नऊ घशापायी.

शाळेची नर्स मर्ना दारातून डोकावली. "एकशे दोनच्या वर गेलाय, रोंडा. खरं तर मी हिला मघाशीच घरी धाडायला हवं होतं."

"धाड की. अकराला."

"दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर?"

"दुसऱ्यांचीही बसवलीत आपण. आता साळसूदपणा करू नकोस."

मर्ना पुटपुटत गेली. तिचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला तिचा राग आला.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि गारठ्याबरोबर एक उंच माणूस आत आला. बुटांना शेणमिश्रित बर्फ, हातात आमच्या शाळेचं पाकीट. डेल्बर्ट क्रूल. पलीकडच्या डेअरीवर गाई पिळतो. त्याचा मुलगा तिसरीत आहे. त्याला दमा आहे हे मला माहीत होतं. फाइलीत लिहिलेलं होतं.

"रोंडा विटकॉम्ब म्हणजे तुम्हीच ना बाई?" त्याने पत्र टेबलावर ठेवलं. "मी चार वेळा फोन केला. दर वेळी तुम्हीच उचललात. दर वेळी म्हणालात, कळवल्याबद्दल आभार, पण दिवस गैरहजेरीत मोजला जाईल."

"नियम आहे, मिस्टर क्रूल. मी केलेला नाही."

"सही तर तुम्हीच करता."

मी पोचपावतीचा कागद पुढे केला. सही करता करता त्याची नजर बाकावर गेली. टेसीचे गाल लालभडक झाले होते आणि डोकं भिंतीला टेकलेलं होतं.

"ही तुमची?"

"हो."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे. समजायला त्याला जराही वेळ लागला नाही.

"बसवलीय होय अकरापर्यंत!" तो हसला, पण हसण्यात गंमत नव्हती. "आम्हीही बसवायचो. पोरगं असं धापा टाकायचं ना, आणि मी तिथे गाडीत बसून घड्याळ बघायचो. तुम्ही लोकांनीच शिकवलं."

त्याने जॅकेटच्या खिशातून खोकल्याची एक गोळी काढली, तिचा कागद सोडवला आणि माझी परवानगी न विचारता टेसीच्या तळहातावर ठेवली. "चघळू नकोस हं, नुसती तोंडात धर," म्हणाला आणि गेला. मला त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकरा वाजले. मी यादीत टेसीच्या नावापुढे हजर अशी खूण केली, मुख्याध्यापकांना अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि तिला उचलून गाडीत घातलं.

आता दुसरा हिशेब सांगते, कारण आम्ही त्याच हिशेबासाठी दवाखान्यात चाललो होतो. टेसीचे टॉन्सिल काढायला हवेत हे घशाच्या डॉक्टरने गेल्याच वर्षी सांगितलं. ती झोपेत घोरते, मध्येच श्वास अडकतो आणि दचकून उठते. महिन्यातले आठ-दहा दिवस ती धड जेवत नाही. मागच्या हिवाळ्यातला कोट यंदाही तिला सैलच होतो. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस हृदयावर येईल, असंही त्याने बजावलं होतं. पण विम्याची कंपनी म्हणते, बारा महिन्यांत सात वेळा घशाला जंतूंची लागण झाली पाहिजे, सातही वेळा दवाखान्यातल्या तपासणीत दिसली पाहिजे, तरच आम्ही कापायचे पैसे देऊ. फाइलीत सहा होत्या. त्यातली पहिली गेल्या वर्षीच्या तीन मार्चची. आज तारीख होती सव्वीस फेब्रुवारी. तीन मार्च उलटला की ती पहिली गळणार आणि सहाच्या पाच होणार.

म्हणून सकाळी दहाला, ऑफिसातल्या दिव्याखाली टेसीचं तोंड उघडून पाहिलं आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले, तेव्हा मला आनंद झाला. होय, आनंदच. पोटच्या पोरीला गिळता येत नव्हतं आणि मी मनात म्हटलं, देवा, पावलास. आईने असं म्हणू नये हे मलाही कळतं.

दवाखान्यात तपासायला गेल नावाची बाई होती. ती डॉक्टर नाही, पण आमच्या गावात डॉक्टरच्या बरोबरीची तीच. तिने टेसीच्या घशात कापसाची काडी फिरवली. टेसी ओकारी देत रडली. मी तिचे हात धरून ठेवले आणि म्हणत राहिले, "झालं हं, शहाणी बाय माझी, ही शेवटची." पाच मिनिटांनी गेल तपासणीची पट्टी घेऊन परत आली. तिच्या तोंडावरूनच मला कळलं.

"एकच रेघ आलीय, रोंडा. जंतू नाही दाखवत."

"असं कसं? डोळ्यांनी दिसतंय की!"

"मलाही दिसतंय. कंपनीला दोन रेघा लागतात." ती स्टुलावर बसली. "काही औषध दिलं होतंस का आधी?"

"नाही."

"दिलं ना मम्मी," टेसी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "गुलाबी. काल जेवताना आणि आज दूध पिताना."

काल दुपारी मुख्याध्यापकांनी मला आत बोलावून म्हटलं होतं, ऑफिसातल्याच बाईच्या मुलीच्या नावाने पत्र जायला लागलं तर लोकांना आपण काय तोंड दाखवायचं? संध्याकाळी टेसी म्हणाली, घसा खवखवतोय. माझ्या डोक्यात तेवढी दहावी गैरहजेरी होती, सातवा घसा नव्हता. फ्रिजच्या दारात मागच्या खेपेची बाटली होती. चौदा दिवसांनी ओतून द्या, असं तिच्यावर लिहिलेलंही होतं. मी दोन चमचे पाजले, एक काल आणि एक आज. सकाळपुरती उभी राहिली की झालं, एवढाच विचार. जंतू मेले नाहीत, पण तपासणीत लपण्याएवढे कमी झाले.

"मागची बाटली उरलीच कशी?" गेलने विचारलं.

"सहाव्या दिवशी बरी झाली होती."

"दहा दिवस म्हणजे दहा दिवस. अर्धवट सोडलं की पुन्हा उलटतं. दर वेळी सांगते मी." तिचा आवाज ओळखीचा वाटला. मी फोनवर याच आवाजात बोलते.

"मोठ्या तपासणीला, लॅबला पाठव."

"पाठवते. पण तुझ्या दोन डोसांनंतर काही निघेल असं मला वाटत नाही."

"मग तू नुसतं लिहून टाक, गेल. सात म्हणून. तीन तारखेला पहिली गळतेय."

"पोर गैरहजर असताना तू हजर लिहिशील का?"

तासाभरापूर्वी मी तेच केलं होतं, फक्त घड्याळाला साक्षीला घेऊन.

तिने नवं औषध दिलं, या वेळी पूर्ण कर म्हणाली आणि कागदावर लिहिलं, घसादुखी, कारण अनिश्चित. मी टेसीला कोटात गुंडाळून गाडीत नेलं. काचेवर बर्फ साचलं होतं. ते खरवडायचं सोडून मी आत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"मम्मी, मी नापास झाले?"

"नाही गं राणी."

"पण दुसरी रेघ नाही आली."

"ती तुझ्यामुळे नाही. मम्मीचं चुकलं."

"गुलाबी औषधामुळे ना?"

"हो."

आरशात मला तिचं तोंड दिसत होतं. गिळण्याआधी ती दर वेळी डोळे मिटून तयारी करायची.

"मम्मी, पुढच्या वेळी दुखलं ना," ती म्हणाली, "तर मी तुला सांगणारच नाही. आधी गेलला सांगेन. मग येईल रेघ."

दुखलं की सगळ्यात आधी आईला सांगायचं असतं, हे म्हणायला मी मागे वळले. ती माझ्याकडे बघत होती, चिडून नाही, रुसूनही नाही. तिने नीट विचार केला होता आणि तिचं म्हणणं बरोबर होतं.

"बरं," मी म्हणाले आणि तिचा पट्टा नीट लागलाय का ते पाहिलं.